देवाच्या नावाने नभोवाणीची सोडत

‘आमचे केंद्र नफ्यासाठी नाही, मिळेल तो पैसा देवाच्या कार्याला लागणार, मग कायद्याने मध्ये डोकावण्याचे कारण काय?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या सज्जनांच्या तोंडून मी ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा छापील अक्षरांत द्यावे असे मनाने घेतले. सज्जनांच्या तोंडून, असे मी मुद्दाम म्हणतो. मटक्याचे आकडे घेणारा माणूस वकिलाला असले प्रश्न विचारीत नाही. कलम कोणते, दंड किती आणि जामीन कोठे मिळतो हे त्याला आमच्याहून चांगले ठाऊक असते. अज्ञान असते ते देवस्थानांच्या समित्यांत, सांस्कृतिक मंडळांत आणि निवृत्त गृहस्थांच्या बैठकींत. आणि त्या अज्ञानाला पुण्याईचे कवच आहे अशी त्यांची समजूत असते. ही समजूत साफ खोटी आहे. किंबहुना मी याहून पुढे जाऊन म्हणेन की, नफा न कमावण्याचे वचन देऊन ज्याने आकाशातील एक लहर मागून घेतली, त्याच्यावर कायद्याचे बंधन व्यापाऱ्यापेक्षा कांकणभर अधिकच आहे.

विषय जरा खुलासेवार मांडतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात फेब्रुवारी २००४ मध्ये देशातील पहिले परिसर-रेडिओ केंद्र सुरू झाले. तेव्हा ही सवलत केवळ शिक्षणसंस्थांना होती. २००६ च्या धोरणाने ती नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना खुली झाली. शंभर वॅटपर्यंतचे प्रक्षेपण, पाचदहा किलोमीटरचा टापू, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने घडविलेले आणि भाषा शक्यतो तेथीलच, असे या सामुदायिक केंद्रांचे स्वरूप. साताऱ्याकडील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ किंवा पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही याच घराण्यातली. सिल्वासाजवळचे आमचे वासोणा बाहेरगावच्यांना सिंहांच्या सफारीमुळे ठाऊक असते. परंतु या मुलखातील पाड्यांवर वारली बोलली जाते, कोकणा बोलली जाते, गुजराती आणि मराठी तर आहेतच, आणि कारखान्यांच्या निमित्ताने गोव्याकडून, कारवाराकडून आलेल्या कुटुंबांची कोंकणीही आता कानी पडते. अशा ठिकाणी चार घरांतला आवाज चार घरांपर्यंत पोहोचविणारे केंद्र निघाले तर त्याचे स्वागत करणाऱ्यांत मी पहिला असेन. माझा वाद केंद्राशी नाही. त्यावर खेळावयाच्या खेळांशी आहे.

अशा एका योजनेचा आराखडा मध्यंतरी माझ्या टेबलावर आला. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मंडळी माझ्या परिचयाची आणि निर्मळ मनाची आहेत. नवरात्राचे नऊ दिवस, रोज सायंकाळी आरतीनंतर अर्धा तास खेळ. श्रोत्याने एक्कावन्न रुपये ‘देणगी’ द्यावी, पावती घ्यावी, पावतीवर क्रमांक. निवेदक देवीच्या एखाद्या स्थानाविषयी सोपा प्रश्न विचारणार, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांच्या क्रमांकांतून एक चिठ्ठी लहान मुलीच्या हातून उचलली जाणार. पहिले आठ दिवस चांदीची समई, नवव्या दिवशी स्कूटर. जमा रकमेतून सभामंडपाची फरशी. आराखड्याच्या शेवटी कोणीतरी वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘ही लॉटरी नसून सेवा आहे.’

आता कायदा काय पाहतो ते पाहा. एखादा खेळ लॉटरी आहे की नाही हे ठरविताना न्यायालय त्याचे नाव पाहत नाही, हेतूही पाहत नाही. ते तीनच गोष्टी शोधते. काही मोबदला घेतला काय, बक्षीस आहे काय, आणि बक्षिसाचा धनी दैवयोगाने ठरतो काय. तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले की प्रकरण मिटले. वरील योजनेत एक्कावन्न रुपये हा मोबदला आहे, समई हे बक्षीस आहे, आणि लहान मुलीचा हात हे दैव आहे. मधला प्रश्न केवळ शोभेचा. ‘तुळजाभवानीचे देऊळ कोणत्या जिल्ह्यात’ याचे उत्तर पाचशेंपैकी साडेचारशे लोक देणार. त्या साडेचारशेंतून एकाला निवडताना त्यांचे ज्ञान कामी येत नाही, चिठ्ठीच कामी येते.

पूर्वी हा गुन्हा भारतीय दंडसंहितेच्या कलम २९४-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आला आहे. शासनाची नसलेली किंवा राज्यशासनाने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. परंतु नभोवाणी चालविणाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचावा असा भाग पुढे आहे. अशा लॉटरीचे बक्षीस देण्याचा प्रस्ताव जो प्रसिद्ध करतो तोही दंडास पात्र आहे; पूर्वी हा दंड हजार रुपयांपर्यंत होता, नव्या संहितेत तो पाच हजारांपर्यंत आहे. म्हणजे सोडत दुसऱ्याच मंडळाने काढली आणि केंद्राने केवळ ‘सेवाभावाने’ तिची घोषणा केली, तरी घोषणा करणारा सुटत नाही. पाच हजारांची रक्कम क्षुल्लक वाटेल. तथापि दंडाची पावती देवस्थानाच्या नावाने फाटावी, हे आपल्यातील कोणाला रुचेल?

यावर ठरलेला प्रतिप्रश्न असा की, सरकार स्वतः लॉटरी काढते ते चालते काय? चालते, कारण संविधानाने तशी तरतूद केली आहे. शासकीय लॉटऱ्या हा विषय केंद्रसूचीत आणि पैजा व जुगार हा राज्यसूचीत घातला आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये आपली लॉटरी सुरू केली. सरकारने काढली म्हणून लॉटरीचे जुगारपण जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बी. आर. एन्टरप्रायझेसच्या निकालात बजावले आहे. सरकारला जे करण्याची मुभा आहे ते प्रजेने करू नये, यात विसंगती आहे असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी हुज्जत घालणार नाही. परंतु सरकारची विसंगती हा आपला परवाना होऊ शकत नाही.

दुसरा बचाव थोडा चतुर आहे. ‘एक्कावन्न रुपयांच्या बदल्यात आम्ही श्रोत्याला प्रसादाची पुडी देतो, तिची किंमत तेवढी आहेच, सोडत वरकड आणि फुकट.’ हा बचाव इंग्लंडात १८८३ साली चहाच्या एका विक्रेत्याने करून पाहिला होता. तो चहाच्या पुड्यांत बक्षिसाचे कूपन घालीत असे. चहा चांगला होता, दिलेल्या पैशांच्या मोलाचा होता. तरीही टेलर विरुद्ध स्मेटन या खटल्यात न्यायालयाने ती लॉटरी ठरविली. कारण गिऱ्हाईक जे पैसे देते ते चहा आणि नशीब या दोहोंसाठी मिळून देते, आणि त्यांतून नशिबाची किंमत शून्य आहे असे विक्रेत्याने म्हणून भागत नाही. चहाच्या जागी प्रसाद घातल्याने तर्क बदलत नाही. उलट प्रसादाला किंमत लावून तो कूपनाचे आवरण म्हणून वापरणे, हे मला त्या चहावाल्यापेक्षाही हलके वाटते. तो निदान चहाच विकीत होता.

आपल्याकडील अगदी जवळचे उदाहरण ‘कौन बनेगा करोडपती’चे. २००७ च्या मालिकेत घरबसल्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. उत्तर मोबाईलच्या संदेशाने पाठवावयाचे, आणि प्रत्येक संदेशाचे २ रुपये ४० पैसे. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून विजेता सोडतीने. एका ग्राहक-संघटनेने तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटीची दंडात्मक भरपाई फर्माविली. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आमच्या मंडळींना यातला शेवट तेवढा आठवतो. तो का रद्द झाला हे कोणी वाचीत नाही. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या वाढीव दरातूनच उभारली असे दाखविणारा पुरावा दप्तरात नाही, म्हणून तो रद्द झाला. आता वाचकांनीच विचार करावा : ज्या संस्थेने एक्कावन्न रुपयांच्या पावतीवर क्रमांक छापला, तो क्रमांक चिठ्ठीवर लिहिला आणि दोन्ही एकाच जमाखर्चात मांडले, तिच्याविरुद्ध पुरावा शोधण्याचे कष्ट कोणाला पडतील काय?

‘पण देवळात चिठ्ठ्या टाकतातच की!’ हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्या आचारातून आलेला आहे. गोमंतकातील आणि कोकणातील देवळांत आपण कौल लावतो. मूर्तीवर लावलेली पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, यावर घरातील लग्न, जागेचा व्यवहार, प्रवास ठरतात. पालखीच्या सेवेचा मान कोणत्या घराकडे, याच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. भाऊबंदांत वाटप होताना कोणता हिस्सा कोणाचा हे चिठ्ठीने ठरविण्याची रीत न्यायालयांनाही मान्य आहे. मग दैवयोग निषिद्ध कसा? तो निषिद्ध नाहीच. कौल लावणारा आपले दान परत जिंकण्यासाठी लावीत नाही. वाटपाची चिठ्ठी उचलणारा भाऊ आपल्या हक्काचेच घेतो. दुसऱ्याच्या खिशातून आलेले घेत नाही. सेवेच्या मानासाठी तर उलट खर्चच करावा लागतो. जत्रेतील पावणीलाही काही जण या यादीत ओढतात. पण पावणी हा उघड लिलाव आहे, जो अधिक बोलतो त्याला नारळ मिळतो, आणि आपण किती देत आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते. सोडतीत हे सारे उलटे होते. पाचशे जण देतात, एक घेतो, आणि उरलेले चारशे नव्व्याण्णव ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून घरी जातात. याला द्यूत म्हणतात. आपल्या स्मृतिकारांनी निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत आणि सजीवांच्या झुंजी लावून खेळावयाचा तो समाह्वय असा भेद केला. देवाच्या नावाने खेळावयाचे ते आणखी तिसरेच काही, असा भेद मात्र त्यांनी केलेला नाही.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणांत निर्णय दिला, तो आपल्या समाजातील प्रत्येक विश्वस्ताने वाचावा असा आहे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालत आणि त्यांचा मोठा गल्ला मुंबई राज्यातून जमा होई. मुंबई सरकारने कर लावला, तेव्हा ‘हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क आहे’ असा दावा झाला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतापर्यंत आणि मनू-याज्ञवल्क्यांपर्यंत धांडोळा घेऊन सांगितले की, जुगार हा या देशाच्या दृष्टीने व्यापारच नव्हे. त्याला व्यापाराचे संरक्षण मागता येत नाही. युधिष्ठिराच्या सभेत द्रौपदीने जो प्रश्न केला तो मुळात कायद्याचाच होता. स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मासारखा ज्ञाता तेथे अडखळला. त्या प्रसंगाची कथा कीर्तनात ऐकून डोळे पुसणारी मंडळीच दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या सोडतीची पावती फाडतात, याचे मला नवल वाटते.

त्याच निर्णयातील आणखी एक मुद्दा आमच्या या प्रदेशाला विशेष लागू आहे. स्पर्धा बंगळूरची असली तरी प्रवेशिका मुंबई राज्यात भरल्या जात होत्या आणि पैसे तेथे गोळा होत होते. एवढा संबंध मुंबईच्या कायद्याला पुरेसा आहे, असे न्यायालयाने ठरविले. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची भूमी आहे; दक्षिणेला तलासरीचा महाराष्ट्र. या वाटेच्या हक्कासाठीच पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १२ एप्रिल १९६० ला निकाल घेऊन परतला. रेडिओच्या लहरीला वाट मागावी लागत नाही. परंतु ती ज्या गावात ऐकली गेली आणि जेथून एक्कावन्न रुपये आले, त्या गावचा कायदा तिच्या मागोमाग येतो. केंद्र सिल्वासाचे असले तरी जाब मुंबई राज्याच्या १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्याखाली द्यावा लागू शकतो, जो गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी वारशाने घेतला आहे.

हेगच्या त्या निकालाचा येथे आणखी एक उपयोग आहे. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना या परगण्यांतील गावे दिली, यावर पोर्तुगालने सार्वभौमत्वाचा डोलारा उभा केला होता. न्यायालयाने कागद वाचून सांगितले की, मराठ्यांनी दिला तो सरंजाम. वर्षाला बारा हजार रुपयांच्या महसुलाचा उपभोग. मुलूख दिला नव्हता. सामुदायिक केंद्राला मिळणारी लहर ही अशीच सरंजामाची आहे. १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात न्या. पां. बा. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे निःसंदिग्ध सांगितले. ती विशिष्ट अटींवर, विशिष्ट कामासाठी उपभोगावयास मिळते. उपभोगणारा स्वतःला धनी समजू लागला की काय होते, हे २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झालेल्या सिल्वासातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

अटी कोणत्या? जाहिरातीतून आलेला पैसा केंद्राच्याच खर्चाला लावावयाचा. उरला तर मंत्रालयाच्या लेखी परवानगीनेच संस्थेच्या मुख्य कार्याकडे वळवावयाचा. म्हणजे सभामंडपाची फरशी तेथेच निकालात निघाली. कार्यक्रम आणि जाहिराती यांना आकाशवाणीचीच आचारसंहिता लागू. आणि त्या संहितेत पैजांचे सल्ले देणाऱ्यांच्या व भविष्य सांगणाऱ्यांच्या जाहिरातींना स्थान नाही. धार्मिक कार्यक्रमांत श्रोत्यांच्या धर्मभावनेचा गैरफायदा घेतला जाऊ नये, याची काळजी परवानाधारकाने घ्यावयाची. हे शेवटचे कलम आपल्या समाजाने विशेष मनावर घ्यावे. सोडतीच्या आरंभी आरती, शेवटी जयघोष आणि मध्ये ‘आईची कृपा ज्याच्यावर असेल त्याचाच क्रमांक निघेल’ हे निवेदन, याला धर्मभावनेचा गैरफायदा म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? ज्या वारली बाईचा क्रमांक निघाला नाही तिने काय समजावयाचे? आईची तिच्यावर अवकृपा आहे, असे? एक्कावन्न रुपये ही तिच्या घरात रक्कम असते.

मग खेळ खेळूच नयेत काय? अवश्य खेळावे. गंमत अशी की, १९५४ च्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. तेथे रेडिओवर ‘स्टॉप द म्युझिक’सारखे कार्यक्रम फार गाजत, घरी बसलेल्या श्रोत्याला दूरध्वनी करून गाण्याचे नाव विचारीत आणि बक्षिसे वाटीत. तेथील नभोवाणी-आयोगाने या कार्यक्रमांना लॉटरी ठरवून बंदी घातली. न्यायालयाने बंदी मोडली. श्रोता नुसते ऐकतो, खिशातून काही काढीत नाही. ऐकणे हा काही मोबदला नव्हे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. आपल्याकडे डिसेंबर १९५२ मध्ये सिलोन रेडिओवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तीही मुळात स्पर्धाच होती. सात गाणी वाजवावयाची, ती कालक्रमाने लावून श्रोत्यांनी कळवावयाची, आणि बरोबर उत्तरांत शंभर रुपये वाटावयाचे. पत्रांचा असा पाऊस पडला की चालकांची दाणादाण उडाली. (आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी-मंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावले नसते, तर हा पाऊस सिलोनवर पडता ना, पण तो वाद निराळा.) शंभर रुपयांसाठी लोक लिहीत होते हे मला खरे वाटत नाही. आपले नाव आणि गाव रेडिओवर घेतले जावे, यासाठी लिहीत होते. वासोण्याच्या श्रोत्यालाही तेवढेच हवे आहे.

तेव्हा एक्कावन्न रुपये काढून टाका आणि खेळ निर्दोष होतो. फोन साध्या दराचा असावा. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर जाणणाऱ्याला जिंकता यावे. कोणत्या ओवाळणीला वारलीत काय म्हणतात, दमणगंगेला कोणत्या नद्या मिळतात, घरातल्या आजीला विचारल्यावाचून ज्याचे उत्तर सापडणार नाही असे काही. १९५७ च्या दुसऱ्या चमारबागवाला निकालाप्रमाणे ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तो खेळ जुगार नव्हे. परंतु कौशल्याचा सोंगाडेपणा करू नये. त्या काळच्या शब्दकोड्यांत रिकाम्या चौकटीत दोनतीन शब्द सारखेच चपखल बसत, आणि त्यांतला ‘बरोबर’ कोणता हे आयोजकाच्या बंद लखोट्यात असे. अशा युक्त्या ओळखण्याइतकी न्यायालये आता जुनी झाली आहेत. शिवाय शुल्क इंटरनेटवरून घेणार असाल, तर कौशल्याची ढालही उपयोगी पडणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे भरून पैसे किंवा अन्य लाभ जिंकण्याचे खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, एकाच पंक्तीला बसविले आहेत.

लहानसहान दिसणाऱ्या इतर जबाबदाऱ्याही आहेत. ‘पहिला फोन करणाऱ्यास समई’ असे एकदा जाहीर केले की ते वचन झाले. कार्बोलिक स्मोक बॉलच्या १८९३ च्या खटल्यापासून जाहीर वचन हे साऱ्या जगाला उद्देशून केलेला प्रस्ताव असतो आणि तो स्वीकारणाऱ्याशी करार होतो, हे कायद्याचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही जाणतात. दहा हजारांवरील बक्षिसावर तीस टक्के आयकर कापून भरावा लागतो. बक्षीस वस्तुरूप असेल, तर कर भरला गेल्याची खात्री केल्यावाचून ती वस्तू हाती देता येत नाही. स्कूटर जिंकलेल्या शेतमजुराला ‘आधी कराचे हजारो रुपये आण’ असे देवळाच्या पायरीवर सांगण्याचा प्रसंग कोणत्या अध्यक्षाने पत्करावयाचा? निकाल दडवून ठेवणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित प्रथाच आहे. आणि मोदक खाण्याच्या शर्यतीचे थेट प्रक्षेपण करू पाहणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या एका केंद्राची हकीकत ध्यानात ठेवावी. जानेवारी २००७ मध्ये पाणी पिण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेली एक तरुण आई त्याच दिवशी दगावली, आणि १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरपाईचा कौल ज्यूरीने २००९ मध्ये दिला. बक्षीस काय होते, तर मुलांचे एक खेळण्याचे यंत्र.

फरशीसाठी पैसा कोठून आणावा, असे मला त्या मंडळींनी विचारले. मी त्यांना याच भूमीतील दोन गोष्टींची आठवण दिली. १९५४ च्या मुक्तिसंग्रामासाठी सुधीर फडके यांनी लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात घडवून निधी उभा केला. ज्याने पैसे दिले त्याला गाणे मिळाले, आणि ते सर्वांना सारखे मिळाले. आणि दादरा-नगर हवेली सुटली तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांतून पुढे प्रक्षेपक तयार झाला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चालविला तो त्याच्याच बळावर. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून बोलणाऱ्या त्या केंद्राला जाहिरात नव्हती. नफ्याशी संबंध नसलेली नभोवाणी कशी असते हे आपल्या लोकांनी अवघ्या देशाच्या आधी पाहिलेले आहे.

मंडळींनी एक्कावन्न रुपये वगळले आहेत. मुलगी आणि चिठ्ठीही वगळली. स्कूटरवर अजून वाद आहे. समया देणारे एक व्यापारी म्हणतात की, खेळाला त्यांच्या दुकानाचे नाव द्यावे. ते देता येणार नाही. प्रायोजित कार्यक्रमांची मोकळीक या केंद्रांना सार्वजनिक हिताच्या माहितीपुरतीच आहे. त्यांचे नाव जाहिरातीच्या वेळात घेता येईल. ती मर्यादा २०२४ पासून तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांपर्यंत वाढली आहे, आणि प्रक्षेपित झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागत असल्यामुळे, बारावे मिनिट कोठे संपले हे कोणालाही मोजून पाहता येते.